कॉलरच्या आतली फीत

टाचणीबाई बसल्या तरी त्यांचे पाय बसत नसत. पस्तीस वर्षं शिवणाचं मशीन पायांनी चालवलेलं. पुढे मोटर बसवली, तरी बसमध्ये, रांगेतल्या बाकावर, अगदी दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीतसुद्धा त्यांचे पंजे आपले खालीवर चालूच. शेजारचा माणूस वैतागून खाली बघायचा आणि बाईंना त्याचा पत्ताही नसायचा. टाचणीबाई हे नाव गल्लीनं ठेवलेलं, कारण ओठांत चार-पाच टाचण्या धरल्याशिवाय त्यांची कात्रीच चालत नसे. तोंडात टाचण्या असल्या की बोलणं हुंकारात. एक हुंकार म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, आणि एकच पण लांबलचक असला तर 'तुमचं माप वाढलंय, पण मी काही बोलत नाही'. गिऱ्हाइकांना ही भाषा पाठ होती.

त्या दिवशी सकाळी बाई इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर, बायकांच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. तोंडात टाचणी नव्हती. पाय चालू होते.

आत लेक होती. एकुलती एक. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर, बत्तिसाव्या वर्षी दिवस राहिलेले, आता सातवा महिना. चार दिवसांपूर्वी लघवीला जळजळ सुरू झाली, मग कमरेत कळ, मग दात वाजवणारी हुडहुडी. लघवीतला जंतू वर मूत्रपिंडापर्यंत चढला होता. दोन दिवस सलाइनमधून इंजेक्शनं चालली होती आणि ताप हटायचं नाव घेत नव्हता. जावई घड्याळं दुरुस्त करणारा. माणूस लाखात एक, पण वेळेचा आकडा घातल्याशिवाय त्याचं वाक्य पुरं होत नसे.

"आई, पाच दहाला एकशे दोन होता," तो दारातून डोकावून म्हणाला. "सात चाळीसला एकशे तीन. बाळ साडेसातला हललं."

"हललं ना? मग झालं," बाई म्हणाल्या. पण झालं काहीच नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

साडेअकराच्या सुमारास डॉक्टरीण आली. वयानं लेकीपेक्षा लहानच असेल. केस आखूड, कानामागे पेन, आणि चालणं असं की मागे कुणी लागलंय. तिनं बाईंनाही आत बोलावलं आणि पलंगापाशी उभं राहून रिपोर्ट उघडला.

"आपण देतोय ते औषध या जंतूवर चालतच नाही. हा जंतू वेगळा निघाला. याला सगळ्यात चांगलं लागू पडतं ते अँपिसिलिन. पेनिसिलिनच्याच घराण्यातलं, पण साध्या पेनिसिलिनपेक्षा जास्त जातींच्या जंतूंना पुरून उरतं. कान, घसा, छाती, लघवी, बऱ्याच ठिकाणी ते आणि त्याचं भावंड अमॉक्सिसिलिन आम्ही वापरतो. गरोदर बायकांना तर कित्येक वर्षं देत आलोत, बाळाला त्याचा त्रास नसतो." मग तिनं फाइलचं पहिलं पान उलटलं. "पण इथं लाल शाईत लिहिलंय. पेनिसिलिनची ॲलर्जी."

"फाइलवर कशाला बघताय," लेक उशीवरून म्हणाली. तापानं तिचे ओठ सुकले होते, तरी हसली. "माझ्या गळ्यापाशी बघा."

तिनं गाऊनची कॉलर उलटी केली. आत बोटभर लांबीची पांढरी सुती फीत शिवलेली होती आणि तिच्यावर बारीक लाल टाक्यांत अक्षरं होती. पेनिसिलिन चालत नाही.

ही फीत आता सगळ्या गावाला माहीत होती. लेक चार वर्षांची असल्यापासून तिच्या अंगावर चढणाऱ्या प्रत्येक कपड्याला बाईंनी ती लावली. शाळेचा गणवेश, स्वेटर, रेनकोट, कॉलेजातले ड्रेस, लग्नातला पोशाखसुद्धा सुटला नाही. शाळेतल्या पोरी तिला 'फीतवाली' म्हणून चिडवायच्या. एकदा खेळाच्या मैदानावर लेक चक्कर येऊन पडली, तेव्हा बाईंनी सांगून ठेवल्याप्रमाणे शिक्षिकेनं आधी कॉलर उलटी करून पाहिली. मग काय विचारता. आई असावी तर अशी, असं महिनाभर जो तो म्हणत होता. बाई मान खाली घालून मशीन चालवायच्या. लोकांना वाटायचं, किती विनय.

"असं मी पहिल्यांदाच बघतेय," डॉक्टरीण म्हणाली. तिला खरंच कौतुक वाटलं होतं. "बरं काकू, तेव्हा नेमकं काय झालं होतं ते सांगा. नीट आठवून. माझं पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे."

बाईंना आठवावं लागलंच नाही. गोष्ट जिभेवर तयार होती. "चार वर्षांची होती. कान फुटला होता. डॉक्टरांनी गुलाबी औषध दिलं, पातळ. आणि अंगभर पुरळ. ओठ सुजले. श्वास अडकला. हातातून गेलीच होती पोर."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. तिनं पेन कानामागे परत खोचलं.

"श्वास अडकला होता? मग हे औषध मी देणार नाही. दुसरं एक आहे. जरा जड आहे, रक्तात किती उतरतंय ते सारखं तपासत द्यावं लागतं. मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो आणि तिथंच आधी सूज आहे, म्हणून मी ते टाळत होते. पण श्वासाशी खेळ करायचा नाही. मोठ्या डॉक्टरांशी बोलते. दुपारी दोनला सुरू करू."

"दोनला," जावई पुटपुटला.

"म्हणजे परत दुसरं," लेक म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

हे 'दुसरं' तिच्या पाचवीला पुजलेलं. अकराव्या वर्षी घसा आला, तेव्हा दुसरं औषध दिलं आणि पोर आठ दिवस ओकत राहिली. एकोणिसाव्या वर्षी दाढेत पू झाला, तेव्हाच्या दुसऱ्या औषधानं पोट असं बिघडलं की सलाइन लावावं लागलं. त्यात तिचा शेवटच्या वर्षाचा पेपर बुडाला आणि वर्ष गेलं. नोकरी लागता लागता राहिली ती त्याच वर्षी. त्या वेळी लेकीच्या पलंगाशी बसून बाई म्हणाल्या होत्या, जिवावरचं पेपरवर निभावलं.

"आई, घरून माझे दोन ढगळ गाऊन आणतेस का?" लेकीनं डोळे न उघडताच विचारलं. "हा घामानं चिंब झालाय."

तिचं वाक्य संपायच्या आत बाईंनी पिशवी उचलली होती.

घर पायी वीस मिनिटांवर. बाई नेहमी त्या वाटेनं दुकानांच्या काचांतले कपडे बघत, कुणाची बाही ओढतेय, कुणाची शिवण तिरकी गेलीय याचा हिशेब करत जायच्या. आज टायरवाला गेला, फोटोवाला गेला, पुलाच्या पायऱ्या गेल्या, त्यांना काही दिसलं नाही. कानात एकच शब्द घोळत होता. श्वास. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काही उगीच नाही.

कारण श्वास अडकलाच नव्हता.

सुरुवातीला त्या गोष्टीत नुसतं पुरळ होतं. शाळेत नाव घालताना कारकुनानं 'पुरळ तर सगळ्यांनाच येतं' म्हणून हात झटकले, तेव्हा बाईंनी सुजलेले ओठ जोडले. पुढे एका औषधवाल्यानं 'काही होत नाही हो' म्हणत तीच कॅप्सूल पुढे सरकवली, तेव्हा श्वास जोडला. दोन्ही वेळा हेतू चांगला होता, लेक सांभाळायची होती. राईचा पर्वत असा एका दिवसात होत नाही, माणूस दर वेळी मूठमूठ माती घालत जातो. अठ्ठावीस वर्षं सांगून सांगून जोड इतका बेमालूम बसला की मूळ कापड कुठं संपतं आणि ठिगळ कुठं लागतं, ते शिवणारीलाही दिसेना.

घरी पोचून त्यांनी कपाट उघडलं. दोन गाऊन काढले आणि घडी घालायला शिवणाच्या टेबलावर टाकायला गेल्या, तर टेबलावर झबली होती. बाळासाठी शिवलेली, मऊ पांढऱ्या कापडाची, गेल्या आठवड्यात पुरी झालेली तीन झबली. जागा करायला बाईंनी ती उचलली आणि गळ्याची बाजू वर आली.

तिन्ही झबल्यांच्या गळ्यात आतून फीत होती. अर्ध्या बोटाची, अक्षरं अगदी बारीक. पेनिसिलिन चालत नाही.

बाईंनी ती कधी लावली हे त्यांना आठवतसुद्धा नव्हतं. हाताला सवय, हातानं लावली. ज्यानं अजून डोळा उघडला नाही, ज्याच्या पोटात औषधाचा थेंब गेला नाही, त्या जिवाच्या मानगुटीवर आजीनं आपली थाप आधीच शिवून ठेवली होती. बाई स्टुलावर बसल्या. पाय खालीवर सुरू झाले, मशीन बंद असताना.

आणि मग तो फ्रॉक आठवावाच लागला.

गडद निळा होता. एका गिऱ्हाइकाच्या कापडातून उरलेला मोठा तुकडा. कुठलंही कोरं कापड बेतायच्या आधी पाण्यातून काढायचं, हा शिवणाचा पहिला धडा. एक तर ते आटतं, दुसरं म्हणजे त्याची खळ आणि कच्चा रंग निघून जातो. हा धडा बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला पढवायच्या. पण दुसऱ्या दिवशी बालवर्गाचा फोटो होता, रात्र थोडी आणि सोंगं फार, आणि त्यांनी ते कापड तसंच कोरं बेतलं. लेकीला फ्रॉक इतका आवडला की तिनं तो दोन दिवस अंगावरून उतरवू दिला नाही. कान फुटलेला, औषध चालू, अंगात कसकस, घाम. तिसऱ्या दिवशी फ्रॉक काढला तर खाली लालभडक पुरळ. त्या संध्याकाळी फ्रॉक बादलीत टाकला, तर पाणी शाईसारखं निळं झालं. बाई त्या बादलीकडे बघत उभ्या राहिल्या आणि मग त्यांनी ती मोरीत ओतून दिली.

नवरा तेव्हा ट्रक घेऊन लांबच्या फेरीवर. घरात नणंद, आणि तिची जीभ म्हणजे दुधारी. दिवसभर मशीन आणि पोर वाऱ्यावर, हे तिचं पालुपद. गल्लीतल्या डॉक्टरांनी पुरळ पाहिलं आणि स्वतःहून म्हणाले, औषधाचं दिसतंय, बंद करा, पुन्हा पेनिसिलिनच्या जातीचं काही देऊ नका. नणंद शेजारीच उभी होती. बाईंच्या तोंडात त्या वेळी टाचणी नव्हती, तरी तोंड उघडलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आठवड्याभरानं त्यांनी पहिली फीत शिवली. लोकांना वाटलं काळजी. काळजी होतीच, पण तिच्या खाली दुसरं अस्तर होतं, आणि ते शरमेचं होतं.

बाईंनी डब्यातलं अर्धं ब्लेड काढलं आणि तिन्ही झबल्यांच्या फिती उसवल्या. मग गाऊन ओढला, फितीचा पहिला टाका कापला आणि थांबल्या. झबल्यांचं ठीक होतं, ती त्यांच्या मनाची करणी. पण गाऊनवरचं खरं की खोटं, हे त्यांना तरी कुठं माहीत होतं? फ्रॉकनं झालं असेल. औषधानंही झालं असेल. दोन्ही मिळून झालं असेल. ही फीत ब्लेडनं काढायची नव्हती. ज्याला कळतं त्याला सगळं खरं सांगून मगच तिचा निकाल लागायचा होता, आणि दोन वाजायला सव्वा तास उरला होता.

परतीच्या वाटेवर टाचणीबाई चक्क धावत होत्या. साठीला टेकलेली बाई गाऊनची पिशवी छातीशी धरून पळतेय, हे बघून टायरवाल्यानं हातातला पंप खाली ठेवला.

डॉक्टरीण वॉर्डाच्या दाराशीच भेटली.

"डॉक्टर, मघाशी मी खोटं बोलले," बाईंना धाप लागली होती. "श्वास नव्हता अडकला. इकडे बाजूला या, सांगते."

डॉक्टरिणीनं वॉर्डाचं दार उघडलं. "बाजूला नको. तिच्यासमोर सांगा. शरीर तिचं आहे."

एवढ्याशा वाटेत माणसाला किती वेळा मागे फिरावंसं वाटतं, ते बाईंना त्या बारा पावलांत कळलं. पण त्या पलंगापाशी गेल्या, दोन्ही हातांनी पलंगाची दांडी धरली आणि सांगितलं. फोटो, निळं कापड, दोन दिवस न उतरवलेला फ्रॉक, बादली. मधेच थांबल्या नाहीत, कारण थांबल्या असत्या तर पुन्हा सुरू होता आलं नसतं.

"औषध सुरू केल्यावर पुरळ किती वेळानं?" डॉक्टरीणबाईंनी आता लिहायला घेतलं होतं.

"तिसऱ्या दिवशी."

"ओठ, डोळे सुजले होते?"

"नाही."

"श्वासाला घरघर? आवाज बसला?"

"घसा फोडून रडत होती. आवाज कोपऱ्यावर ऐकू जात होता."

"पुरळ कुठं कुठं होतं?"

"गळ्यापासून गुडघ्यापर्यंत. हातांवर बाहीच्या कडेपर्यंत, त्याच्याखाली दंड स्वच्छ. चेहऱ्यावर एक पुटकुळी नाही. फ्रॉकच्या मापाचं होतं. मी मापं घेणारी बाई. मला तेव्हाच दिसलं होतं."

जावयानं मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, पण वेळ सांगितली नाही. लेक आईकडे बघत होती. तापानं लाल झालेले ते डोळे बाईंना सोसवेनात.

"अठ्ठावीस वर्षं?" लेक म्हणाली.

"डॉक्टरांनीच औषधाचं नाव घेतलं, बाळ. मी फक्त नाही म्हटलं नाही. आणि मग मलाच ते खरं वाटायला लागलं. भीती होती गं. समजा, खरंच औषधानं असेल तर?"

"माझा पेपर," लेक म्हणाली. एवढंच. आणि भिंतीकडे तोंड केलं.

बाई तशाच उभ्या राहिल्या. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

डॉक्टरीणबाईंनी मग जे सांगितलं ते मुख्यतः पाठमोऱ्या लेकीला उद्देशून होतं. खरी घातक ॲलर्जी बहुधा औषध घेतल्यावर लगेच, मिनिटांत नाहीतर तासाभरात दिसते. अंगावर गांधी उठतात, ओठ-जीभ सुजते, श्वासाला घरघर लागते, चक्कर येते. तिला हसण्यावारी न्यायचं नसतं, त्यात माणूस दगावतो. पण लहानपणी अंगावर काही उठलं म्हणून 'ॲलर्जी' असा शिक्का बसलेली माणसं तपासली, तर दहांतल्या नऊजणांना औषध चालतं असं निघतं. कधी पुरळ मूळ आजाराचंच असतं, कधी भलत्याच गोष्टीचं. आणि ज्यांना खरी असते त्यांच्यातही कित्येकांची वर्षांनुवर्षांत ओसरते.

"म्हणजे देऊ शकता?" जावयानं विचारलं.

"काकूंच्या शब्दावर नाही देणार. सकाळी त्यांचाच शब्द दुसरा होता." बाईंनी मान खाली घातली. "तपासून देऊ. आधी हातावर टोचून, मग कातडीखाली किंचित, मग तोंडानं अगदी थोडा डोस, मग पुरा. प्रत्येक पायरीला थांबून बघायचं. हे घरी करून बघायचं काम नाही. इथं सुई भरून तयार ठेवतो आम्ही, काही झालंच तर. मोठ्या डॉक्टरांना विचारते. पण हाताला सुई लागायची ती तुम्ही हो म्हणालात तर."

लेकीनं भिंतीकडे तोंड ठेवूनच हात मागे, डॉक्टरांच्या दिशेनं पसरला.

पुढच्या तीन तासांविषयी बाईंना विचारलं असतं, तर त्यांनी तीन वर्षं सांगितली असती. हातावर दोन बारीक टोचण्या झाल्या. जावयानं खिशातलं घड्याळ काढून पलंगावर ठेवलं. एका ट्रेमध्ये भरलेली सुई होती आणि बाईंची नजर तिच्यावरून हटेना. जन्मभर सुयांत काढलेली बाई, पण एवढी एक सुई कुणाला हातात घ्यावी लागू नये असं त्यांना वाटत होतं. देवा, मी आता खरं बोलले तेच खोटं ठरलं तर? आगीतून उठवून मी पोरीला फुफाट्यात तर नाही लोटलं? त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या, परत आल्या, बसल्या, उठल्या. पलंगाभोवतीच्या पडद्याची कड उसवून लोंबत होती. बाईंनी पर्समधली सुई काढली आणि पडदा दुमडायला घेतला.

"मावशी, हे काय चाललंय?" नर्सनं हटकलं.

"कड गेलीय," बाई म्हणाल्या.

"ती चार वर्षं गेलेली आहे. बसा बघू एका जागी."

बसायला सांगणं सोपं. नर्स वळली तशी बाईंनी उभ्यानंच आणखी वीतभर कड घातली.

"वीस मिनिटं झाली," जावई म्हणाला. डॉक्टरीण वाकली, हातावरचे दोन ठिपके पाहिले, बोटानं चाचपले. काही नव्हतं. कातडीखालची चाचणी झाली. पुन्हा वीस मिनिटं. मग अमॉक्सिसिलिनचा चिमूटभर डोस चमच्यातून, आणि अर्धा तास वाट. बाई लेकीचे ओठ बघत होत्या. सुजले का? नाही, सुकलेलेच आहेत. कोरडे की सुजलेले? लेकीनं एकदा मान खाजवली आणि बाईंच्या हातातून सुई पडली.

"काय होतंय? कुठं खाजतंय?"

"फीत टोचतेय," लेक म्हणाली. गेल्या दोन तासांतला तो तिचा आईशी पहिला शब्द होता.

पुरा डोस झाला, आणखी एक तास गेला. ना पुरळ, ना सूज, ना घरघर. संध्याकाळी पाच पंचवीसला, म्हणजे जावयाच्या घड्याळात, अँपिसिलिन सलाइनमधून थेंब थेंब उतरायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी फाइलच्या पहिल्या पानावरची लाल ओळ खोडली, खाली तारीख घालून सही केली आणि वेगळ्या कागदावर लिहून दिलं की पेनिसिलिन तपासून दिलं आहे, चालतं.

"पण आता चालतं म्हणून सर्दी-पडशाला घेत बसायचं नाही," तिनं बजावलं. "सर्दीवर याचा काडीचा उपयोग नसतो. आणि घरी जाताना कॅप्सूल देईन त्या मोजून संपवायच्या. बरं वाटलं म्हणून मधेच सोडायच्या नाहीत, उरल्या म्हणून शेजारणीला द्यायच्या नाहीत."

"दर आठ तासांनी?" जावयानं आशेनं विचारलं. तिनं हो म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर चार दिवसांत पहिल्यांदा रंग आला. घरी त्याच्याकडे गजराची अकरा घड्याळं होती.

त्या संध्याकाळी बाईंनी गाऊन बदलायला मदत केली, पाठ पुसली, पाणी पाजलं. लेकीनं सगळं करू दिलं, पण नजर दिली नाही. घरी जाऊन बाई मशीनवर बसल्या आणि एकही टाका न घालता उठल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी ताप निन्याण्णवच्या खाली आला. बाई आल्या तेव्हा लेक उशीला टेकून बसली होती आणि जावई सफरचंद कापत होता. बाई पलंगाजवळच्या बाकाच्या टोकावर टेकल्या. त्यांचे पाय सुरू झाले.

"झबली झाली?" लेकीनं विचारलं.

"तीन झाली."

"फीत लावलीस?"

जावयाची सुरी थांबली. बाईंना वाटलं, नाही म्हणावं, आता तर एकाही झबल्यावर फीत नाही, ते काही खोटंही ठरणार नाही. मग म्हणाल्या, "लावली होती. परवा उसवली."

लेकीनं आईकडे पाहिलं. पूर्ण, समोरासमोर.

"कापड आधी पाण्यातून काढलं होतंस?"

"तीनदा," बाई म्हणाल्या. त्या फ्रॉकनंतर त्यांनी कुणाचं अस्तराचं कापडसुद्धा कोरं बेतलं नव्हतं. गल्ली त्यांच्या या खोडीला हसायची.

लेकीनं केस पुढे घेतले, मान खाली वाकवली आणि गाऊनची कॉलर मागे वळवली. "काढ. तूच लावलीस."

बाईंनी पर्समधून अर्धं ब्लेड काढलं. लेकीच्या मानेपासून दोन बोटांवर ते धरायला त्यांना दोनदा हात पुसावा लागला. एकेक टाका तुटत गेला. लाल दोऱ्याचे तुकडे लेकीच्या खांद्यावर पडले आणि जावयानं ते एकेक करून उचलले.

"आई," लेक तशीच, मान वाकवून म्हणाली, "पेपर माझा गेला तो गेलाच. ते मी लगेच विसरणार नाही."

"नको विसरूस."

"पण उद्या बाळाच्या अंगावर काही उठलं आणि मी तुला विचारलं, काय झालं होतं, तर मला सगळं सांगायचं. कापडापासून सुरुवात करून."

बाईंना खूप काही बोलायचं होतं. तोंडात एकही टाचणी नव्हती, तरी त्यांच्या तोंडून निघाला तो एकच हुंकार.